टेस्टर पेटतो, दिवा पेटत नाही

कोल्हापूरच्या शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, उत्तरेश्वर पेठ या भागांतल्या जुन्या घरांतून वायरमनला येणारी तक्रार तीन तऱ्हांची असते. "सोप्यातला दिवा पेटंना झालाय." "माडीवरचं बटण दाबलं की फ्यूज उडतोय." आणि पाऊस लागला की तिसरी, "न्हाणीतल्या भिंतीला हात लावला की झिणझिण्या येत्यात ओ." पहिल्या तक्रारीत कुठेतरी तार तुटलीय, दुसरीत फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) एकमेकांना भिडलेत, तिसरीत करंट गळतोय. तिन्हींची तपासणी वेगळी आणि हत्यारंही वेगळी. हे आधी न ठरवता जो थेट बोर्ड खोलतो, तो दोन तास घालवून शेवटी होल्डर बदलून जातो, आणि आठवड्याने पुन्हा बोलावणं येतं.

सुरुवात हत्याराने करू, कारण निम्मा घोळ तिथंच होतो. खिशातला निऑन टेस्टर पेटला म्हणजे लाईट आली, एवढ्यावर भरवसा ठेवू नका. त्या इवल्या दिव्याला पेटायला नगण्य करंट पुरतो. कार्बन धरलेल्या बटणातून, मोडत आलेल्या तारेच्या एका धाग्यातून, कधी कधी शेजारच्या जिवंत तारेच्या नुसत्या संगतीनेही तो मिणमिणतो. उलट तुम्ही सुक्या लाकडी स्टुलावर उभे असाल तर जिवंत तारेवरही तो जेमतेम दिसतो. डिजिटल मीटरचंही तेच. दोन्ही बाजूंनी सुटलेल्या तारेवर तो ६० ते १०० व्होल्ट दाखवतो आणि नवशिका बुचकळ्यात पडतो.

खरं सांगतो तो टेस्ट लॅम्प. एक होल्डर, त्यात ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब आणि दीड-दीड मीटरच्या दोन लवचिक तारा. टोकांना प्लॅस्टिकच्या मुठीचे टोच्ये लावा, उघडा धातू टोकाशी ३-४ मिलिमीटरच राहू द्या. हा बल्ब पाव अॅम्पियर ओढतो, त्यामुळे कच्च्या जोडावरचं खोटं व्होल्टेज लगेच कोसळतं. यात एलईडी बल्ब घालू नका, तोही टेस्टरसारखाच फसवतो. आणि दहा मीटर सुटी तार नेहमी सोबत असू द्या. मेन बोर्डावरून चांगला न्यूट्रल खोलीपर्यंत नेता आला की अर्धं काम तिथंच उरकतं.

दिवा पेटत नाही, पण होल्डरमध्ये टेस्टर पेटतोय, असं समजा. टेस्ट लॅम्प होल्डरच्या दोन पिनांवर धरा. पेटला तर दोष बल्बचा किंवा पिनांचा. नाही पेटला तर एक टोच्या फेजच्या पिनेवर आणि दुसरा बोर्डावरून आणलेल्या न्यूट्रलवर. आता पेटला म्हणजे फेज ठीक आहे, न्यूट्रल वाटेत तुटलाय. तरीही नाही पेटला तर टेस्टरला दिसलेला फेज पोकळ होता, बटणापासून मागे जा. ही तपासणी पाच मिनिटांची. जिथं आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा ब्रेकर) आहे तिथं फेज आणि अर्थिंगच्या मध्ये हा लॅम्प लावू नका, ०.२६ अॅम्पियर अर्थिंगला जातो आणि ब्रेकर पडतो. तो मुद्दाम पडतो का हे बघायचं असेल तर गोष्ट वेगळी.

एक सांगून ठेवतो. चालू लाईनवर हात घालणं हे परवाना असलेल्या वायरमनचं काम. घरच्या माणसाने लक्षणं नीट टिपावीत, बाकी त्याच्यावर सोडावं. आणि वायरमन असलात तरी लाईन बंद केल्यावर किटकॅटचा (चिनीमातीच्या, तार घालायच्या फ्यूजचा) वरचा भाग बोर्डावर ठेवू नका, खिशात घाला. घरातलं कुणीतरी "फ्यूज निघालाय वाटतं" म्हणून तो परत बसवतं.

आता तारेची जात ओळखायची. पेठांतल्या घरांत दोन-तीन पिढ्यांचं वायरिंग एकावर एक असतं. सगळ्यात जुनी लाकडी झाकणपट्टी, दोन खाचांची, आत कापडी वेष्टणाची रबरी तार. त्यानंतरची उघडी सागवानी पट्टी, तिच्यावर पत्र्याच्या क्लिपांनी धरलेली तार. मग पीव्हीसीची तार, कुठे अॅल्युमिनियमची, आणि शेवटी प्लॅस्टिकची केसिंग पट्टी. तक्तपोशीच्या वर काय आहे ते खालून कधीच कळत नाही. जुने वायरमन तारेला "एक अठरा", "तीन बावीस", "सात वीस" म्हणतात. पहिला आकडा धाग्यांचा, दुसरा गेजचा. तीन बावीस म्हणजे आजच्या हिशेबात साधारण १.२ चौरस मिलिमीटर, दिव्यांना पुरेशी.

रबरी तार सोलली की आतली तार पांढरी दिसते आणि पुष्कळजण तिला अॅल्युमिनियम समजतात. ब्लेडने हलकेच खरवडा. आतून तांबूस निघाली तर ती कथिल चढवलेली तांब्याची तार. रबरातलं गंधक तांब्याला खातं म्हणून तेव्हा कथिल चढवत. आरपार पांढरीच राहिली, आणि दोनदा वाकवल्यावर कट्कन तुटली, तर अॅल्युमिनियम. हा फरक जोड मारताना कामाला येतो. तांबं आणि अॅल्युमिनियम एकत्र पिळलं की ओलाव्यात अॅल्युमिनियम झिजतं, पांढरी भुकटी धरते, जोड तापतो. अॅल्युमिनियम स्क्रूखाली दबून हळूहळू सैलही होतं, म्हणून तिचे स्क्रू वर्षाकाठी आवळावे लागतात. दोन्ही जोडायचेच असतील तर पितळी कनेक्टर पट्टीत दोन वेगळ्या स्क्रूंखाली, एकमेकांना न टेकता.

रबरी तार लांबीभर एकसारखी खराब होत नाही. पट्टीच्या आत, वारा-उजेड न लागलेल्या जागी ती पन्नास वर्षांनंतरही मऊ सापडते. खराब होतं ते होल्डरजवळचं शेवटचं वीतभर. वर्षानुवर्षं १०० वॅटच्या बल्बची आच खाऊन तिथलं रबर खारकेसारखं वाळतं. होल्डरचं झाकण फिरवताना तारही थोडी पिळली जाते, रबराचा तुकडा गळून पडतो, आणि सकाळपर्यंत धड असलेला पॉइंट संध्याकाळी शॉर्ट होतो. म्हणून जुना होल्डर उघडताना आधी वरची तार दुसऱ्या हाताने घट्ट धरा. नुसता बल्ब बदलला आणि त्यानंतर फ्यूज उडायला लागला, अशी तक्रार असेल तर पहिला संशय याच वीतभर तारेवर घ्या.

होल्डरच्या पिनांची परीक्षा बल्बकडूनच होते. बल्ब काढून त्याच्या बुडाची शिशाची दोन ठिपकं बघा. दोन्ही स्वच्छ असतील तर पिना ठीक. एक ठिपकं काळं, खड्डा पडलेलं असेल तर त्या बाजूच्या पिनेची स्प्रिंग मेलीय. स्प्रिंग ओढून ताणण्यापेक्षा होल्डर बदलणं स्वस्त पडतं.

सिलिंग रोजकडे (छतावरची गोल डबी, जिथून दिव्याची तार खाली लोंबते) मात्र कुणी बघत नाही, आणि जुन्या घरांत न्यूट्रल पुढच्या पॉइंटकडे जातो तो बहुधा तिथूनच. एका स्क्रूखाली तीन-तीन तारा कोंबलेल्या असतात, एक सुटली की पुढचे सगळे पॉइंट मरतात. म्हणून मेलेले पॉइंट एकापुढे एक ओळीने असतील तर शेवटचा जिता आणि पहिला मेलेला, या दोघांमधलीच जागा तपासा. बाकी घराला हात लावायची गरज नाही.

लोखंडी मेन आणि न्यूट्रलचा फ्यूज

जुन्या लोखंडी मेन स्विचमध्ये दोन किटकॅट असतात, एक फेजला आणि एक न्यूट्रलला. त्या काळी तसं करायचेच. यातला न्यूट्रलचा फ्यूज उडाला की घरभर अंधार, पण करंट मात्र सगळीकडे हजर. एखादं बटण चालू राहिलं असेल तर फेज त्या बल्बातून फिरून न्यूट्रलच्या तारेवर येतो, आणि होल्डरच्या दोन्ही पिनांवर टेस्टर पेटतो. "दोन्हीकडं फेज आलाय" असं कुणी सांगितलं की नव्वद टक्के दुखणं हेच, उरलेलं म्हणजे खांबावरून येणारा न्यूट्रल तुटलेला. न्यूट्रलला स्वतंत्र फ्यूज नको हे १९५६ च्या विद्युत नियमांतही होतं. त्या किटकॅटच्या जागी पितळी लिंक किंवा जाड तांब्याची तार घट्ट बसवा. फ्यूज राहील तो फक्त फेजला.

थ्री फेज मीटर असलेल्या घरात काही दिवे भगभगीत आणि काही मिणमिणते दिसले तर क्षणभरही थांबू नका, मेन पाडा. न्यूट्रल सुटलाय आणि एखाद्या खोलीत २३० च्या जागी ४०० च्या जवळ व्होल्टेज जातंय. मीटरच्या आधीचा, खांबाकडच्या बाजूचा दोष असेल तर सील आपण तोडायचं नाही, १९१२ वर तक्रार नोंदवायची.

शॉर्ट शोधायचा तो सिरीज लॅम्पने

फ्यूज उडाला, तार घातली, परत उडाला, आणखी जाड तार घातली. जुन्या घरांच्या तक्तपोशीला आग लागते ती या रस्त्याने. ५ अॅम्पियरच्या फ्यूजला ०.२ मिलिमीटरची कथिल चढवलेली तांब्याची तार पुरे. १५ अॅम्पियरची ०.५ मिलिमीटर. दिव्यांच्या सर्किटवर दुसरी घातली तर फ्यूजआधी भिंतीतली तार जळते. किटकॅटमध्ये पांढऱ्या कापडाची गादी असेल तर ती खरवडू नका, जुन्यात ती अॅस्बेस्टॉसची असू शकते. सबंध किटकॅट बदला.

एकही फ्यूज न उडवता शॉर्ट सापडतो तो असा. मेन बंद. त्या सर्किटचे सगळे बल्ब, ट्यूब काढा, पंखे बंद, सगळी बटणं बंद. किटकॅटचा वरचा भाग काढा आणि खालच्या दोन पितळी टोकांवर १०० वॅटच्या पिवळ्या बल्बचा होल्डर लावा, म्हणजे फ्यूजच्या जागी बल्ब आला. आता मेन चालू करा. कितीही घट्ट शॉर्ट असला तरी बल्ब पेटल्यावर त्यातून अर्ध्या अॅम्पियरपेक्षा जास्त जाऊ शकत नाही, त्यामुळे निवांत शोधता येतं.

सगळी बटणं बंद असताना बल्ब लख्ख पेटला तर शॉर्ट बटणांच्या अलीकडे, भिंतीतल्या नाहीतर बोर्डामागच्या तारेत. पेटला नाही तर एकेक बटण लावत चला. ज्या बटणाला बल्ब लख्ख पेटेल, त्या बटणापासून होल्डरपर्यंतच्या तारेत दोष. पंख्याच्या बटणाला तो अर्धवट पेटतो, तो शॉर्ट नव्हे, पंख्याच्या वाइंडिंगमधून वाट मिळतेय. बल्ब काढायला सांगितलं ते यासाठीच. एखादा एलईडी आत राहिला तर सिरीज लॅम्प लुकलुकत बसतो आणि तुम्ही भलत्याच खोलीत शोधत राहता.

भिंतीतलाच दोष निघाला तर सर्किट मधोमध तोडा. दहा पॉइंटचं असेल तर पाचव्याच्या जोडपेटीत फेज आणि न्यूट्रल दोन्ही सोडवा. लॅम्प विझला तर दोष पुढच्या पाचात, पेटताच राहिला तर मागच्या पाचात. पुन्हा त्या अर्ध्याचे दोन भाग करा. तीन-चार जोड उघडले की जागा हाताशी येते. एकेक पॉइंट उघडत गेलात तर दहाही उघडावे लागतील, आणि जुनी तार जितक्यांदा हलवाल तितके नवे दोष तयार होतील. तोडताना दर वेळी मेन बंद, हे वेगळं सांगायला नको.

तक्तपोशीच्या वरचे शॉर्ट बहुतेक उंदरांचे. वासा आणि तुळई जिथं भेटतात, तिथं लेंड्या दिसल्या की तार तिथंच बघा. दुसरी जागा म्हणजे पट्टीला ठोकलेला खिळा. देवाच्या फोटोसाठी, कॅलेंडरसाठी कुणीतरी पट्टीतच खिळा मारलेला असतो.

जिन्यातला टू-वे दिवा हे वाड्यांतलं वेगळं प्रकरण. खालून लावायचा, वरून घालवायचा. तो बटणांच्या एखाद्याच जोडीला पेटत असेल तर दोन बटणांना जोडणाऱ्या दोन तारांपैकी एक तुटलीय. बटण नवीन बसवल्यापासून हा खेळ सुरू झाला असेल तर कॉमनची (बटणाच्या सामायिक टोकाची) तार चुकीच्या स्क्रूवर गेलीय. काही जुन्या वाड्यांत मात्र तार वाचवायला प्रत्येक मजल्यावरच्या बोर्डातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही बटणाच्या दोन टोकांना दिलेले असतात आणि दिवा दोन कॉमनच्या मध्ये. असा दिवा विझलेला असतानाही होल्डरच्या दोन्ही पिनांवर फेज असू शकतो. वरच्या मजल्याचा फ्यूज वेगळा असेल तर खालचा काढूनही होल्डर जिवंत राहतो. ही जोडणी सापडली तर दुरुस्त करत बसू नका, मोडून साधी करा. फेज एका कॉमनला, न्यूट्रल सरळ दिव्याला.

एलईडी आल्यापासून एक नवी तक्रार निघालीय, बटण बंद केलं तरी दिवा रात्रभर मंद पेटलेला. पूर्वीच्या बल्बला हा थेंबभर करंट जाणवतच नसे. बटण न्यूट्रलवर बसलं असेल तर असं होतं, आणि जुन्या घरात दोन्ही तारा एकाच काळ्या रंगाच्या असल्याने ही चूक सर्रास आढळते. टेस्ट लॅम्प लावून बघा. बटण बंद ठेवून होल्डरच्या एकेका पिनेवर एक टोच्या आणि बोर्डावरून आणलेल्या न्यूट्रलवर दुसरा. कुठल्याही पिनेवर लॅम्प पेटला तर बटण उलटं आहे, बोर्डातच फेज-न्यूट्रल अदलाबदल करा. नाही पेटला तर बटणातला लाल इंडिकेटर किंवा टू-वेच्या लांब तारा कारण, त्यात धोका नाही. एलईडीने दुसरंही एक झाकलंय. ९ वॅटचा दिवा ०.०४ अॅम्पियर ओढतो, कच्चा जोड त्याला निभावून नेतो. मग त्याच लाईनवर कुणी इस्त्री लावतं आणि जोड धुरावतो.

पाऊस लागल्यावर

मृगात कौलं परतली नसली की तरण्या पावसात भिंत ओली होते आणि म्हाताऱ्या पावसात ती ओल बोर्डापर्यंत पोचते. मातीच्या भिंतीत लाकडी गिट्ट्या ओल धरतात, सागवानी बोर्डाची मागची बाजू काळी पडते, स्क्रूपासून स्क्रूपर्यंत गळतीची वाट तयार होते. अशा वेळी मेगर, म्हणजे तारेचं इन्सुलेशन मोजणारा मीटर हवा, ५०० व्होल्टचा. मेन बंद, बल्ब, एलईडी, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर सगळं काढा, नाहीतर मेगर त्यांचा जीव घेईल. फेज आणि न्यूट्रल बोर्डावरून सोडवून एकत्र करा, सगळी बटणं चालू, आणि अर्थिंगशी माप घ्या. हिशेब सोपा : ५० भागिले पॉइंटची संख्या, इतके मेगओहम तरी हवेत, पण एकाहून जास्त मागायची गरज नाही. शंभर पॉइंटच्या वाड्याला अर्धा चालतो. माप घेतलेली तारीख आणि हवा लिहून ठेवा. तीन दिवस ऊन पडल्यावर तीच लाईन ०.१ वरून ५ वर गेली तर तार बरी आहे, ओल कुठून येते ते शोधा. उन्हातही ०.१ वरच राहिली तर रबर गेलं.

आरसीसीबी पडतोय म्हणून मेगर लावणाऱ्यांनी एक गणित डोक्यात ठेवावं. ३० मिलिअॅम्पियर वाहायला गळतीची वाट ७-८ हजार ओहमची लागते. ०.१ मेगओहमने फार तर सव्वादोन मिलिअॅम्पियर जातो, तेवढ्याने तो पडत नाही. मग न्यूट्रल आणि अर्थिंग कुठे टेकलेत ते बघा. खूण अशी : त्या लाईनचा एमसीबी (फ्यूजच्या जागी बसणारा, आपोआप पडणारा स्विच) बंद केला तरी आरसीसीबी टिकत नाही, कारण एमसीबी फक्त फेज तोडतो. मेन बंद करून न्यूट्रल लिंकवरची एकेक तार सोडवा आणि प्रत्येक वेळी मेन लावून बघा. ज्या तारेला तो टिकेल ती गुन्हेगार. दुसरं कारण म्हणजे उसना न्यूट्रल, माडीवरच्या दिव्याला फेज एका सर्किटचा आणि न्यूट्रल दुसऱ्याचा. पूर्वी फ्यूज असताना हे खपत होतं, आरसीसीबी बसवला की पहिल्या दिवशी उघडं पडतं, आणि मग दोष नव्या ब्रेकरवर येतो.

पूरपट्ट्यातल्या घरांची गत आणखी वेगळी. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीची कुंभार गल्ली, इथे २०१९ आणि २०२१ ला बोर्डांत पाणी गेलं होतं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला गेलं की खालच्या मजल्याचं मेन बंद करून किटकॅट काढून घ्या, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नका. पाणी ओसरल्यावर बोर्ड सुकवून लाईट सुरू होते, पण गाळ पट्टीत राहतो. महिन्या-दोन महिन्यांनी बटणाच्या स्क्रूंवर हिरवट थर येतो आणि दिवे लुकलुकायला लागतात. बुडालेली बटणं, सॉकेट, होल्डर, एमसीबी धुऊन परत वापरू नयेत. पीव्हीसीची तार वाचू शकते, तिची टोकं दोन इंच कापून लखलखीत तांबं लागेपर्यंत मागे जा. रबरी किंवा कापडी तार बुडाली असेल तर ती संपली.

डागडुजी कुठे थांबवायची, याचा माझा ठोकताळा असा. एका सर्किटवर तीन वेगवेगळ्या ठिकाणी हात लावताच रबर गळायला लागलं, की ते सर्किट नवीन ओढा. दिव्यांचं सर्किट दहा पॉइंट किंवा ८०० वॅटच्या आत ठेवा. फेजला लाल आणि न्यूट्रलला काळी १.५ चौरस मिलिमीटरची, बटण ते दिवा १ ची, हिरवी अर्थिंग पहिल्या पॉइंटपासून शेवटच्यापर्यंत. वर ६ अॅम्पियरचा एमसीबी. प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल मेन बोर्डापर्यंत स्वतंत्र. ९० मीटरचं भेंडोळं मिळतं, मध्यम घरातल्या एका सर्किटला रंगागणिक एकेक पुरतं, पण तक्तपोशीच्या वळणांमुळे कधी कमी पडतं, म्हणून तार ओढायच्या आधी सुतळी लावून माप घ्या.

जुनी तार पट्टीत तशीच सोडू नका. दोन्ही टोकं कापून ती ओढून काढा. वर्षा-दोन वर्षांनी दुसरा कुणी माडीवर नवा पॉइंट काढायला येतो, त्याला पट्टीत एक तयार तार दिसते, आणि तो तिलाच फेज देऊन मोकळा होतो.